जुन्या स्कॉर्पिओत एकतीस रात्री: चौदा महिन्यांनंतर काय राहिलं, काय काढलं

आमची अर्धी गाडी सध्या गॅलरीत आहे. टपावरचा लोखंडी कॅरिअर, त्यावर चढायची शिडी, काळ्या पीव्हीसी पाइपचा शॉवर, काड्या मोडलेलं ऑनिंग (गाडीला लावायचं कापडी छप्पर) आणि अठरा एमएम प्लायचा दीड माणसाने उचलायचा एक ड्रॉवर. यातली प्रत्येक वस्तू आधी पैसे देऊन बसवली आणि नंतर घाम गाळून काढली. उरलेली अर्धी गाडी खाली पार्किंगमध्ये आहे आणि ती आता मनासारखी झाली आहे, म्हणून लिहायला बसले.

गाडी २०१२ ची स्कॉर्पिओ व्हीएलएक्स, २.२ लिटर एमहॉक डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. फोर बाय फोर नाही. धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली तेव्हा एक्स्चेंजमध्ये जो भाव मिळत होता, त्याच भावात आम्ही ही ठेवून घेतली. तेव्हा ती १ लाख १८ हजार किलोमीटर चालली होती. मी ठाण्यात कोलशेतला राहते, ऑफिस ऐरोलीला. मुलगा हॉस्टेलला गेल्यापासून शनिवार-रविवार रिकामे होते. हॉटेल बुक करायचं, चेक-इनसाठी दोन वाजेपर्यंत थांबायचं, याचा कंटाळा आला होता. गाडीतच झोपता आलं तर शुक्रवारी रात्री निघता येईल, एवढाच मूळ विचार.

पहिले चार महिने गाडीत हौसेची एकही वस्तू बसवली नाही. हे शहाणपण माझं नाही, वागळे इस्टेटमधल्या आमच्या मेकॅनिकचं. तो म्हणाला, "ताई, आधी तिला नीट चालती करा, मग सजवा." कूलंटचे सगळे होज, बेल्ट, थर्मोस्टॅट, चारही शॉकअप, खालचे बुश, ब्रेकपॅड, मागचे ब्रेक शू आणि क्लच. सगळं मिळून साधारण ऐंशी हजार गेले आणि दाखवायला काहीच नाही. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण त्यानंतरच्या अकरा हजार किलोमीटरमध्ये, एक पंक्चर सोडलं तर, गाडीने आम्हाला एकदाही रस्त्यात उभं केलं नाही. जे बिघडलं ते सगळं आम्ही हौसेने लावलेलं.

हौसेचा पहिला बळी टप. एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचा कॅरिअर करून घेतला. त्याने रेलला क्लॅम्प न लावता टपालाच सहा भोकं पाडली आणि वर सिलिकॉन फासलं. मी समोर उभी होते आणि मला वाटलं, असंच करत असतील. जुलैत मुरबाडच्या पुढे तो खास माळशेजचा आडवा पाऊस लागला आणि छताच्या कापडातून माझ्या मांडीवर थेंब पडायला लागले. घरी येऊन छताचं कापड उतरवलं तर एका भोकाभोवती गंज धरायला सुरुवात झाली होती. भोकं घासून, प्रायमर मारून, रबरी वॉशर आणि पॉलियुरेथेन सीलंट घालून बंद करून घेतली, तेव्हा कुठे थांबलं. टपाला भोक पाडू देऊ नका. कॅरिअर लागणारच असेल तर तो टपावरच्या रेलवर किंवा टपाच्या कडेच्या पन्हाळीवर क्लॅम्पने बसला पाहिजे.

पण तोही लागत नाही, असं आता माझं मत आहे. गाडीची उंची १९८ सेंटिमीटरच्या आसपास, कॅरिअर वीसचा. आमच्या सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगच्या तोंडाशी सात फुटांवर लोखंडी पाइप आडवा आहे, म्हणजे २१३. हा हिशेब आम्ही गाडी पाइपखाली अडकल्यावर केला, वॉचमन काका शिट्टी फुंकत असताना. टपावरच्या तंबूचं स्वप्न त्याच दिवशी मिटलं. तसेही ते तंबू पन्नास-साठ किलोचे असतात आणि घाटातल्या वळणावर एवढं वजन डोक्यावर घेऊन स्कॉर्पिओ कशी झुलेल, हे ज्याने ती चालवली आहे त्याला सांगायला नको. कॅरिअर काढल्यावर ८० च्या वेगाला येणारी शिट्टी बंद झाली आणि हायवेला अ‍ॅव्हरेज १०.८ वरून १२ च्या जवळ गेलं.

मग आतली झोपायची जागा. मागच्या दोन आडव्या तोंडाच्या सीट बोल्ट उघडून काढल्या, मधली सीट दुमडून पुढे उभी केली आणि पुढच्या सीट सरकवल्या की मागच्या दारापासून साधारण सहा फूट मिळतात. नवरा पाच फूट अकरा. तिरका झोपतो आणि तक्रार करत नाही. सुताराने पहिल्यांदा अठरा एमएम मरीन प्लायमध्ये दोन ड्रॉवर आणि वर फळ्या असं भक्कम काम करून दिलं. घरातल्या फर्निचरच्या सवयीने केलेलं, दिसायला देखणं. भिवंडी बायपासला एका वजनकाट्यावर गाडी चढवली तेव्हा कळलं, की सामान, पाणी, डिझेल आणि आम्ही दोघं धरून गाडी रिकामीपेक्षा ४६० किलोने जड झाली होती. आरसीवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या आतच होतो, पण मागची बाजू बसलेली दिसायची आणि रात्री समोरचे लोक डिपर मारायचे, कारण आमचे दिवे आभाळाकडे बघत होते.

आठ बाय चारचं अठरा एमएम मरीन प्लाय पस्तीस किलोच्या पुढे जातं, बारा एमएमचं पंचवीसच्या आसपास. हा फरक सुताराला माहीत होता, मला नव्हता. आता बारा एमएमचा एकच ड्रॉवर आहे, पंचेचाळीस किलो पेलणाऱ्या सरकत्या चॅनलवर, आणि दुसऱ्या बाजूला साधे प्लास्टिकचे क्रेट. क्रेट उचलून बाहेर ठेवता येतात, घरी नेऊन धुता येतात आणि वाटेत खडखड करत नाहीत. सगळी रचना सीटच्याच मूळ बोल्टांच्या भोकांवर बसते. गाडीला कुठेही वेल्डिंग नाही.

इथे एक चूक सांगून ठेवते. स्कॉर्पिओची स्टेपनी खाली लटकते, पण जॅक आणि पाने आतच असतात. आमचे पलंगाखाली गाडले गेले होते. माळशेजच्या अलीकडे पहाटे सहाला पंक्चर झालं तेव्हा गादी, क्रेट, फ्रिज, चपला, कांदे, सगळं रस्त्याकडेला मांडून बसलो. एक एसटी हळू झाली. आम्ही दुकान लावलंय असं वाटलं असावं. जॅक आता ड्रायव्हरच्या सीटखाली असतो.

विजेचं काम मात्र सावकाश सांगते, कारण यात लोक सर्वात जास्त पैसे घालवतात आणि आम्हीही घालवले. अडतीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज घेतला आणि मागच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला लावला. गाडी सुरू असताना ठीक. बंद केली की अर्ध्या तासात फ्रिज एरर दाखवून बंद. दुकानदार म्हणे बॅटरी गेली. बॅटरी ठणठणीत होती. सॉकेटपर्यंत आलेली वायर बारीक होती. बारा व्होल्टमध्ये करंट जास्त लागतो आणि बारीक लांब वायरीत एक व्होल्ट सहज खर्ची पडतो. बॅटरीपाशी १२.३ असतात तेव्हा फ्रिजपाशी ११.३ पोहोचतात आणि तो स्वतःला वाचवायला बंद होतो. बॉनेटखालून मागेपर्यंत दहा स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर ओढली, बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरावर फ्यूज लावला आणि फ्रिजचा आजार बरा झाला. फ्यूज बॅटरीजवळच हवा. फ्रिजजवळ लावला तर मधली सगळी वायर बिनसंरक्षणाची राहते आणि ती कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते.

फ्रिज-पंख्यासाठी वेगळी दुसरी बॅटरी आहे, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट. वजन बारा किलो, तेवढ्याच लेड-अ‍ॅसिडचं तीसच्या आसपास. शिवाय लेड-अ‍ॅसिड अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, ही ऐंशी टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. लिथियमला थेट अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या यंत्रावर, लावू नका, कारण ती मिळेल तेवढा करंट ओढते. घोडबंदर रोडवर गायमुखच्या कोंडीत तासभर इंजिन नुसतं रांगत असतं. त्या वेळी अल्टरनेटरला वारा नाही, फेरे कमी, आणि ही मागून ओढतेय, म्हणजे अल्टरनेटर भाजून निघायचा. म्हणून मध्ये करंट मर्यादेत ठेवणारा वीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे. चार तास गाडी चालली की ऐंशी अँपिअर-अवर परत जमा.

आमचा खरा खर्च किती, तर मेच्या उकाड्यात फ्रिज दिवसाला ४५० वॉट-अवरपर्यंत खातो, पंखा रात्रभरात शंभरएक, दिवे आणि फोन किरकोळ. बॅटरीत १,२८० आहेत. म्हणजे गाडी हलवली नाही तरी दोन रात्री आरामात. शंभर वॉटचं घडीचं सोलर पॅनेल आहे. उन्हाळ्यात ते बॉनेटवर पसरून ठेवलं तर फ्रिजचा बराचसा भार उचलतं. पावसाळ्यात ते घरी राहतं. इन्व्हर्टर घेतला नाही आणि अडलंही नाही.

स्वयंपाकाचं फार सांगण्यासारखं नाही. एक बर्नर, पाच किलोचा छोटू सिलिंडर, कुकर, तवा. स्कॉर्पिओचं मागचं दार आडवं उघडतं, वर उघडत नाही, त्यामुळे डोक्यावर आडोसा मिळत नाही. म्हणून ऑनिंग घेतलं होतं. भंडारदऱ्याला जलाशयावरून एक वाऱ्याचा झोत आला आणि त्याच्या काड्या कडाकड मोडल्या. आता निळी ताडपत्री, दोन अ‍ॅल्युमिनियमचे खांब, चार खुंट्या आणि सुतळी. खर्च दोन हजारांच्या आत आणि वारा वाढला की मिनिटात उतरवता येते. शेगडी गाडीच्या आत कधीही पेटवत नाही, कितीही पाऊस असो. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वास येत नाही. पाऊस असेल तेव्हा गावातल्या कुणाकडे तरी पिठलं-भाकरी सांगतो, आणि खरं सांगायचं तर तेच बरं लागतं.

ज्याबद्दल पुरुषांच्या अनुभवात कधीच वाचायला मिळत नाही ते लिहिते. संडास. सुरुवातीला मी संध्याकाळी सहानंतर पाणीच प्यायचे नाही. हा काही उपाय नव्हे. मग घडीचा कमोड घेतला, बादलीसारखा, झाकणाचा, आत पिशवी आणि लाकडाचा भुसा. सोबत उभा छोटा तंबू, जो तीन सेकंदांत उघडतो आणि पंधरा मिनिटांत मिटतो. पूर्ण बांधणीत सर्वात स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वात मोलाची वस्तू हीच. पिशवी गावात टाकायची नाही, परत न्यायची.

पावसाळ्यात आत झोपलं की दोघांच्या श्वासाने काचा आतून रडतात. पहिल्या पावसाळ्यात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरली. आता काचा दोन बोटं उघड्या ठेवतो, वर पाऊसपट्ट्या आहेत, मागच्या दोन खिडक्यांना चुंबकाची जाळी आहे, छोटा पंखा हवा बाहेर फेकतो, आणि फोमखाली प्लायला हवेसाठी भोकं पाडून घेतली आहेत. इथे भोकं चालतात.

सर्वात मोठी सहल जानेवारीतली नऊ दिवसांची, रेवदंड्यापासून मालवणपर्यंत किनाऱ्याने. बागमांडल्याहून वेसवीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला, या खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, ओलांडल्या. जेटीवर चढताना-उतरताना उताराचा कोन बघून धडधडायचं, पण मागे काही लोंबकळत नव्हतं म्हणून घासलं नाही. टायर मूळ मापाचेच, २३५/७० आर १६, फक्त ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारे. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी घालत नाही. नियमाने घालू नये आणि टू-व्हील ड्राइव्ह तिथे रुततेच. टोचन लावून ओढायला ट्रॅक्टर येईपर्यंत भरती येते. रात्री कुठे राहिलो? बहुतेक वेळा कुणाच्या वाडीत, विचारून, दोनशे-तीनशे रुपये देऊन. एका आजींनी पैसे घेतले नाहीत, पण बाई गाडीत का झोपते आणि नवऱ्याने घर बांधलं नाही का, याची सविस्तर चौकशी केली.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जी नोंद आहे तिच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये तेच सांगितलं. पुढच्या लोखंडी बुलगार्डला तर केंद्राने २०१७ सालीच नाही म्हटलं आहे, म्हणून दिरांनी लावलेला होता तो आम्ही आल्या आल्या काढला. फ्रिज आणि बॅटरी विम्याच्या पॉलिसीत अ‍ॅक्सेसरी म्हणून दाखवून घेतली आहे.

२०२७ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. तेव्हा फिटनेस, पुनर्नोंदणीचे पाच हजार आणि वर पर्यावरण कर. त्या दिवशी गाडी सीटांसकट जशी होती तशी न्यायची आहे. म्हणून मागच्या दोन सीट गादीच्या जुन्या खोळीत घालून दिवाणाखाली ठेवल्या आहेत आणि त्यांचे बोल्ट लोणच्याच्या एका धुतलेल्या बरणीत. बरणीवर नवऱ्याने चिकटपट्टी लावून लिहिलंय, 'खाऊ नये'.