लिरोकोनाइट घ्यावं की क्लिनोक्लेज?

खनिजांच्या कलेक्शनमध्ये कॉपर आर्सेनेटचा, म्हणजे तांबं आणि आर्सेनिक असलेल्या खनिजाचा, एक तरी भारी पीस हवा असं ठरवलं की बऱ्याच जणांची गाडी याच दोन नावांपाशी अडते. दोन्ही दुर्मिळ, दोन्ही दुय्यम खनिजं, म्हणजे आर्सेनिकवाल्या तांब्याच्या खनिजावर जमिनीलगत हवा-पाण्याचा मारा होऊन नंतर बनलेली, आणि दोघांचं मूळ ठिकाणही एकच, इंग्लंडात कॉर्नवॉलमधली व्हील गोरलँड खाण.

रंगावर जीव असेल तर लिरोकोनाइटला तोड नाही. आकाशी निळा, कधी हिरवट झाक, चपटे स्फटिक आणि उजेड आरपार जातो. आपल्या पुण्याजवळच्या वाघोलीचं कॅव्हन्साइट हे निळं खनिज पाहिलेल्यांना निळ्याचं अप्रूप नसेल कदाचित, पण हा निळा त्याहून फिका आणि नितळ आहे. अडचण अशी की हे मऊ आहे, काठिण्य 1 ते 10 च्या मोह्स मापावर 2 ते 2.5, म्हणजे नखानेही ओरखडा पडू शकतो, शिवाय रचनेतच पाणी आहे म्हणून गरम दिव्याखाली अजिबात ठेवू नका. खाण केव्हाच बंद झालीये, चांगले पीस जुन्या कलेक्शनमधूनच फिरतात आणि भाव त्यामुळेच चढा. जुनं लेबल सोबत नसेल तर मी तरी एवढे पैसे टाकणार नाही.

क्लिनोक्लेज समोरून जवळजवळ काळं दिसतं, फोटोत तर हमखास. पण हातात घेऊन टॉर्च मारा, पातळ कडांमधून गडद निळा-हिरवा रंग उमटतो आणि सपाट तुटलेल्या बाजूवर मोत्यासारखी चमक दिसते, ते बघायला मिळालं की सोडवत नाही. काठिण्य 2.5 ते 3, घनता 4.3 च्या आसपास त्यामुळे हाताला वजनदार, पण एका दिशेत पटकन तुटतं, कुरियरने मागवताना पॅकिंग नीट सांगा. अमेरिकेत नेवाडातल्या माजुबा हिलचे पीसही मिळतात म्हणून निवडीला वाव आहे. अझुराइट म्हणून गळ्यात मारलं जाऊ नये यासाठी कस, म्हणजे खरखरीत पांढऱ्या फरशीवर उमटणाऱ्या रेघेचा रंग, बघा, अझुराइटचा निळा, याचा निळसर हिरवा.

पहिलाच पीस असेल तर माझं मत सरळ क्लिनोक्लेजला. दोन्हीत आर्सेनिक आहे तेव्हा कस बघण्यापलीकडे घासायचं नाही, तापवायचं नाही, हाताळलं की हात धुवायचे, लहान मुलांपासून लांब. बजेट फारच टाइट असेल तर मेक्सिकोच्या ओहुएला खाणीतलं कोनिकॅल्साइट बघा, तेही कॉपर आर्सेनेटच, हिरवंगार आणि काठिण्य 4.5, फक्त निळा विसरायचा.