अंदमानला जाताय? रेडीमेड फर्स्ट एड किट, ट्रेकचा पाऊच की मेडिकलमधून स्वतः भरलेली पिशवी

अंदमानची तिकिटं निघाली, हॅवलॉकचं रिसॉर्ट बुक झालं आणि आता घरात विषय निघाला औषधांचा, तर पुण्यातल्या बहुतेक घरांत तीनच पर्याय समोर येतात. एक, ऑनलाइन मिळतं ते झिपवालं लाल रंगाचं रेडीमेड किट. दोन, कपाटात आधीच पडलेला ट्रेकचा पाऊच, जो राजगड-हरिश्चंद्रगडला आपल्यासोबत असतो. तीन, कागदावर यादी करून कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून एकेक गोष्ट घेऊन स्वतः भरलेली पिशवी. माझं मत आधीच सांगतो, तिसरा पर्याय घ्या, पण शून्यापासून सुरुवात करू नका, ट्रेकच्या पाऊचमधलं अर्धं सामान तसंच्या तसं वापरता येतं. रेडीमेड किट बेटावरच्या ट्रिपसाठी मला सगळ्यात कमी उपयोगाचं वाटतं, आणि का ते नीट सांगतो, कारण पैसे खर्च केल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि खरा धोका तिथेच आहे.

आधी अंतराचं गणित बघा. सिंहगडावर कुणाचा पाय मुरगळला तर थोड्या वेळात गाडीने शहरातल्या हॉस्पिटलला पोचता येतं. हॅवलॉकवर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपवर, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, औषधांची दुकानं मोजकीच आहेत, पण मोठं सरकारी हॉस्पिटल म्हणजे जी. बी. पंत, ते पोर्ट ब्लेअरला, ज्याचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. मध्ये दीड ते अडीच तासांची बोट. रात्री नेहमीच्या बोटी नसतात आणि समुद्र खवळला तर दिवसाच्याही फेऱ्या रद्द होतात. म्हणजे रात्री अकराला मुलाला उलट्या सुरू झाल्या तर सकाळपर्यंत तुमच्या बॅगेत काय आहे यावरच सगळं चालणार. म्हणून तुलना करताना 'कशात जास्त वस्तू आहेत' हे बघू नका, 'रात्रभर कशावर निभावेल' हे बघा.

रेडीमेड किटमध्ये नक्की काय असतं

खोक्यावर मोठा आकडा लिहिलेला असतो, इतके पीसेस म्हणून, आणि उघडून बघितलं तर त्यातले बरेचसे पीस म्हणजे छोट्या पट्ट्या आणि अँटिसेप्टिक वाइप्स. सोबत कापूस, गॉझ, बँडेजचा रोल, छोटी कात्री, प्लास्टिकचा चिमटा, सेफ्टी पिना. गोळ्या साधारणपणे नसतातच. कारमध्ये, ऑफिसमध्ये, सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये ठेवायला हे ठीक आहे. पण बेटावर सुट्टीत त्रास कशाचा होतो ते बघा: बोट लागणं, जुलाब, ऊन, किडे चावणं, ताप आणि पाण्याखालच्या कोरलने कापणं. यातल्या पहिल्या पाच गोष्टींना रेडीमेड किटमध्ये जवळपास उत्तरच नाही, आणि सहाव्याला जे आहे ते समुद्राच्या पाण्यात टिकत नाही, कारण साध्या कापडी पट्ट्या एकदा पाण्यात गेल्या की निघून येतात. त्यातला पाऊच मात्र छान असतो, कप्पे असतात, त्यामुळे घरात आधीच एखादं पडलेलं असेल तर रिकामं करून वापरा.

ट्रेकचा पाऊच कुठे पुरतो, कुठे नाही

ट्रेकचा पाऊच म्हणजे क्रेप बँडेज, बेटाडीन, सोफ्रामायसिन, दुखण्याचा स्प्रे, इलेक्ट्रालची पाकिटं, क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, मुरगळण्या-खरचटण्याचं सगळं. क्रेप बँडेज, बेटाडीन, इलेक्ट्राल, पॅरासिटामॉल, गॉझ, चिकटपट्टी हे तसंच ठेवा, फक्त एक्सपायरी तपासा कारण पावसाळाभर पाऊच ओलसर बॅगेत राहिलेला असतो आणि ट्यूबा कधीच्या फोडलेल्या असतात. स्प्रेच्या जागी जेलची ट्यूब घ्या, विमानात सोपं पडतं.

पण एक गोष्ट पाऊचमधून काढाच आणि ती म्हणजे कॉम्बिफ्लाम. त्यात पॅरासिटामॉलसोबत आयब्युप्रोफेन असतं, आणि डेंग्यूची शक्यता असताना आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन घेऊ नये कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुण्यात डेंग्यू काय असतो हे दर पावसाळ्यानंतर आपल्याला कळतंच, अंदमानातही डास आहेत, मलेरियाही आहे, आणि तिथला पाऊस आपल्यासारखा सप्टेंबरअखेर संपत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो, म्हणजे ऐन दिवाळीच्या सुट्टीत. ताप आला तर साधं पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि डॉक्टर, एवढंच. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तरी अंदमानला जाऊन आलो हे डॉक्टरांना सांगा, हे लोक हमखास विसरतात.

ट्रेकच्या पाऊचमध्ये बोटीचा, समुद्राचा आणि डासांचा कप्पाच नसतो. तो तुम्हाला मेडिकलमधूनच भरावा लागतो.

बोट लागणं: अ‍ॅव्होमिन की मेक्लिझिन की एमिसेट

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे उलटी म्हटली की एमिसेट, म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन, मुलांना तर डोळे झाकून देतात. पोट बिघडून होणाऱ्या उलटीला डॉक्टर ते देतात पण बोट लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण बोटीतली मळमळ कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून येते आणि हे औषध त्या वाटेवर काम करत नाही. त्यासाठी अ‍ॅव्होमिन किंवा मेक्लिझिनसारखं औषध लागतं.

अ‍ॅव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन, जवळपास सगळ्या मेडिकलमध्ये मिळतं, काम नक्की करतं, पण झोप खूप आणतं. निघायच्या तासभर-दोन तास आधी घ्यायचं, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, तोवर पोट बंद पडलेलं असतं. दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात नाही. मेक्लिझिन साधारण तासभर आधी घ्यायचं, गुंगी बऱ्याच जणांना कमी येते. माझी निवड अशी: फक्त पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक प्रवास असेल आणि उतरल्यावर फिरायचं असेल तर मेक्लिझिन, आणि कोचीवरून जहाजाने लक्षद्वीपला जाणार असाल, जिथे रात्रभराचा प्रवास असतो, तर अ‍ॅव्होमिन, कारण तिथे झोप लागली तर बरंच. गोळी घेतलेल्या दिवशी दारू नको, आणि स्कूबा ठरलेलं असेल तर इन्स्ट्रक्टरला गोळीचं सांगाच, पाण्याखाली गुंगी ही गंमत नाहीये. स्कूबानंतर लगेच विमानही नको, किमान १८ तास जाऊ द्या, म्हणजे डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका.

जुलाब: पावडर की टेट्रापॅक

पावडर, म्हणजे इलेक्ट्रालसारखं ओआरएस, जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढणारं. यात मला काही शंका नाही. मोठं पाकीट, साधारण २१ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचं, अर्धं पाकीट एका ग्लासात असलं काही करायचं नाही, आणि केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं. टेट्रापॅकवाली गोड ड्रिंक्स चवीला बरी लागतात म्हणून मुलं पितात पण त्यातल्या बऱ्याच ब्रँडमध्ये साखर जास्त आणि मीठ कमी असतं, साखर जास्त झाली की जुलाब वाढू शकतात. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, असल्या ड्रिंक्सच्या नावात ओआरएस वापरायला मनाई केली ती याच कारणाने. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय ना ते बघा. टेट्रापॅक जड, विमानात कटकटीचे, पावडरची आठ-दहा पाकिटं खिशात मावतात.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी, हवी का, असा प्रश्न असतो. मोठ्यांसाठी एक स्ट्रिप ठेवा, बोटीच्या किंवा फ्लाइटच्या दिवशी कामाला येते, पण ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर घ्यायची नाही आणि लहान मुलांना तर नाहीच. मुलांसाठी ओआरएस आणि झिंक, झिंक किती आणि किती दिवस ते तुमच्या पेडियाट्रिशियनकडून आधीच लिहून घ्या. अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने भरू नका, ते डॉक्टरांनी दिलं तरच.

समुद्रातलं कापणं आणि चावणं

एलिफंट बीचला स्नॉर्कलिंग करताना पाय कोरलला घासला तर जखम दिसायला लहान असते पण आत कोरलचे बारीक कण राहतात आणि ती चिघळते. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायची, कण चिमट्याने किंवा गॉझने काढायचे, मग बेटाडीन, मग वॉटरप्रूफ ड्रेसिंग. इथे रेडीमेडमधला प्लास्टिकचा चिमटा काही धरत नाही, स्टीलचा बारीक टोकाचा घ्या. बेटाडीनची बाटली की ट्यूब? ट्यूब, बाटली बॅगेत गळली की सगळे कपडे तपकिरी. जायच्या आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनला किती वर्षं झाली ते तपासा, दहा होऊन गेली असतील तर घेऊनच जा.

जेलीफिशबद्दल घरगुती उपायांचा सुळसुळाट आहे. गोडं पाणी ओतायचं नाही, वाळूने चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले धागे चिमट्याने काढायचे आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, वीसेक मिनिटं तो भाग बुडवायचा. समुद्री अर्चिनचे काटे किंवा स्टिंगरेचा डंख असेल तरी गरम पाण्याने वेदना कमी होते. व्हिनेगर काही जातींच्या जेलीफिशवर चालतं, काहींवर उलटं पडू शकतं, त्यामुळे मी बाटली भरत नाही. श्वास लागला, छातीत दुखलं, चेहरा सुजला तर हे सगळं सोडून थेट आरोग्य केंद्र.

राधानगर बीचवर संध्याकाळी सँडफ्लाय असतात. चावताना फारसं कळत नाही, नंतर पायावर लाल ठिपके उठतात आणि दिवसेंदिवस खाज. ओडोमॉस की डीईईटी (किडे-डास दूर ठेवणारं रसायन) असलेलं रिपेलंट? ओडोमॉसमध्ये वेगळं रसायन आहे, १२ टक्के, घराच्या बाल्कनीत संध्याकाळी पुरतं, पण दिवसभर बाहेर, घाम आणि पाणी असताना मोठ्यांसाठी मी २० ते ३० टक्के डीईईटी किंवा पिकारिडिन, म्हणजे तशाच कामाचं दुसरं रसायन, असलेलं घेईन. आधी सनस्क्रीन, ते मुरलं की मग हे, असा क्रम ठेवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून फक्त रात्री लावून भागत नाही. खाजेसाठी कॅलामाइन आणि सेटिरिझिन. अ‍ॅव्हिलही चालतं पण दिवसा झोप येते, त्यात बोटीसाठी घेतलेली गोळी असेल तर दोन्हींची गुंगी एकत्र होते, म्हणून सेटिरिझिन बरं, तेही रात्री.

सनस्क्रीन ५० एसपीएफ, वॉटर रेझिस्टंट, दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर परत. झिंक ऑक्साइडवालं मिळालं तर तेच घ्या, बऱ्याच सनस्क्रीनमधलं ऑक्सिबेन्झोन हे रसायन कोरलला घातक मानतात, अमेरिकेच्या हवाई राज्यात २०२१ पासून तसल्या सनस्क्रीनची विक्री बंद आहे. आपण बघायला जातोय तेच कोरल.

मग कुणी काय निवडावं

दोघंच तरुण जोडपं, चार दिवस, ट्रेकचा पाऊच घरात आहे: तोच घ्या, कॉम्बिफ्लाम काढा, बोटीची गोळी, वॉटरप्रूफ पट्ट्या, स्टीलचा चिमटा, रिपेलंट, सेटिरिझिन टाका. जेनेरिक घ्यायचं असेल तर जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्तात मिळतं.

लहान मुलं सोबत असतील तर पूर्ण पिशवी स्वतः भरा. पॅरासिटामॉल सिरप, मुलाच्या वजनाप्रमाणे डोस डॉक्टरांकडून बाटलीवरच लिहून घेतलेला, डोस मोजायची सिरिंज आणि डिजिटल थर्मामीटर. पाऱ्याचा नको, तो विमानात फुटला तर मोठी भानगड.

आजी-आजोबा असतील तर बीपी-शुगरच्या गोळ्या दोन बॅगांत वाटून, त्यातली एक केबिन बॅग, आणि ट्रिपपेक्षा चार-पाच दिवसांचा साठा जास्त, कारण बोट रद्द झाली की राहणं लांबतं. इन्सुलिन चेक-इनमध्ये कधीच नाही. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत सुट्या करू नका, तिथल्या दमट हवेत त्या मऊ पडतात आणि कोणती कुठली तेही कळत नाही. स्ट्रिप कापताना एक्सपायरीचा भाग उडवू नका. सगळं झिपलॉकमध्ये, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स पिशवीत आणि फोटो दोघांच्या तरी मोबाईलमध्ये. कात्री चेक-इनला, १०० मिलीच्या वरच्या बाटल्याही चेक-इनलाच. आणि ही यादी घेऊन फॅमिली डॉक्टरकडे निघायच्या आठ-दहा दिवस आधी जा, आदल्या रात्री नाही, कारण कुणाला दमा असतो, कुणाला प्रोस्टेट, कुणाला काचबिंदू, आणि अ‍ॅव्होमिनसारखी साधी वाटणारी गोळीही अशा माणसांना विचारूनच द्यावी लागते.