मोटुल ७१०० १०डब्ल्यू-४०: ऑइल उत्तम, पण तुमच्या गाडीला लागतं का?

मोटुल ७१०० हे मोटरसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनासाठी बनवलेलं पूर्ण सिंथेटिक (कृत्रिमरीत्या बनवलेलं), एस्टर नावाचा सिंथेटिक घटक असलेलं ऑइल आहे. याच नावाने १०डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५०, २०डब्ल्यू-५० असे बरेच ग्रेड मिळतात. त्यामुळे नुसतं ‘७१०० द्या’ म्हणून भागत नाही. इथे बोलतोय ते १०डब्ल्यू-४० बद्दल. ज्या इंजिनाला कंपनीने हाच ग्रेड सांगितलाय आणि जे सतत वरच्या आरपीएमला किंवा खूप गरम चालतं, त्याच्यासाठी हे डोळे झाकून घ्यावं. बाकीच्यांनी आधी मॅन्युअल उघडावं.

ग्रेडमधला ‘१०डब्ल्यू’ हा आकडा थंड इंजिनात ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो आणि ‘४०’ हा गरम झाल्यावरचा दाटपणा. ४० ग्रेडच्या ऑइलचा दाटपणा १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या (दाटपणा मोजायचं एकक) दरम्यान असतो, ३० चा ९.३ ते १२.५. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिन जास्त सुरक्षित’ ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. १०डब्ल्यू-३० साठी बनवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातलं, तर थंड स्टार्टला ते वर हेडपर्यंत पोचायला वेळ घेतं, क्लच प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात आणि न्यूट्रल सापडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: केटीएम ३९० किंवा रॉयल एनफिल्डच्या नव्या ३५० इंजिनाला १५डब्ल्यू-५० सांगितलेलं असताना, ‘महागातलं आहे’ म्हणून १०डब्ल्यू-४० ओतण्यात काहीच शहाणपण नाही.

या ऑइलचा खरा फायदा गिअरबॉक्समध्ये कळतो. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलवर चालतात. गरम झाल्यावर दाटपणा टिकावा म्हणून ऑइलमध्ये लांब साखळ्यांचे पॉलिमर घातलेले असतात, आणि गिअरचे दात नेमके तेच कापतात. म्हणून ४० चं ऑइल काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखं वागायला लागतं: गिअर खटकन पडतात, मध्येच फॉल्स न्यूट्रल लागतं (दोन गिअरच्या मध्ये गाडी न्यूट्रलसारखी सुटते), टॅपेटचा (व्हॉल्व्हच्या भागांचा) आवाज वाढतो. चांगल्या सिंथेटिक बेसचा (मूळ तेलाचा) दाटपणा तापमानानुसार मुळातच कमी बदलतो, त्याला पॉलिमरचा आधार कमी लागतो. ७१०० मध्ये गिअरचा मऊपणा साध्या मिनरल ऑइलपेक्षा जास्त काळ टिकतो तो यामुळे.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे डब्यामागचं जासो एमए२, म्हणजे मोटरसायकल ऑइलचं जपानी मानक. ओल्या क्लचला, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला, ऑइलमध्येच पकड मिळाली पाहिजे, आणि हे मानक तीच पकड तपासतं. याच मानकातलं एमबी हे कमी घर्षणाचं ऑइल, गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. ते मोटरसायकलमध्ये घालू नये. कारचं ऑइलही नको. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच स्लिप होऊ शकतो: चढावर टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आरपीएम चढतो, वेग मात्र तिथेच. ‘सिंथेटिक घातलं आणि क्लच घसरायला लागला’ अशी तक्रार ऐकू येते, पण एमए२ असलेल्या ऑइलने असं सहसा होत नाही. आधी क्लच केबलचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघा. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिमी मोकळी हालचाल हवी. ती असूनही घसरत असेल तर बहुधा प्लेटा संपत आल्यात.

१०० ते १२५ सीसीच्या, रोज थोडं थोडं अंतर चालणाऱ्या एअर-कूल्ड गाडीला ७१०० ची गरज नाही. योग्य ग्रेडचं मिनरल किंवा सेमी-सिंथेटिक वेळेवर बदललं की पुरे. पूर्ण सिंथेटिक आहे म्हणून बदलण्याचं अंतर दुप्पट करणं ही सर्वात महागात पडणारी चूक. बेस ऑइल टिकाऊ असलं तरी काजळी, न जळलेलं पेट्रोल आणि पाणी त्यात मिसळतच राहतं. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, मग हे पाणी उडून जात नाही. फिलर कॅपच्या आतल्या बाजूला फिकट पिवळी साय दिसली तर तेच कारण. अख्खं ऑइलच दुधाळ झालं असेल आणि गाडी लिक्विड-कूल्ड असेल, तर मात्र वॉटर पंपाचं सील तपासल्याशिवाय गाडी चालवू नका.

आता बदलण्याबद्दल. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. कडकडीत गरम नको, हात भाजतो. फिलर कॅप सैल करा, खाली भांडं ठेवा, ड्रेन बोल्ट काढा. गाडी सरळ उभी करून शेवटचा थेंब येईपर्यंत थांबा. साइड स्टँडवर बरंचसं काळं ऑइल एका कोपऱ्यात राहून जातं. बोल्टला चुंबक असेल तर त्यावरची राखाडी पेस्ट बोटाने चोळून बघा. बोटावर मऊ लागली तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा बोटाला टोचणारा तुकडा आला, तर नवीन ऑइल ओतायच्या आधी इंजिन दाखवा.

बोल्टचा वॉशर दर वेळी नवा घ्या. तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट सील होत नाही, मग गळती थांबवायला माणूस बोल्ट आणखी आवळतो आणि केसिंगचे आटे जातात. हे अ‍ॅल्युमिनियमचे आटे फार नाजूक असतात. बोल्ट आधी हातानेच पूर्ण बसवा, मग टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंतच. फिल्टर बसवताना स्प्रिंग आणि फिल्टरची दिशा बघा, उलटा बसला तर ऑइलचा रस्ताच बंद होऊ शकतो. कव्हरच्या ओ-रिंगला (रबरी कडीला) थोडं नवं ऑइल लावा. लहान गाड्यांमध्ये अनेकदा कागदी फिल्टर नसतोच, तिथे जाळी काढून रॉकेलमध्ये धुवा.

किती ओतायचं? मॅन्युअलमध्ये बहुधा दोन-तीन आकडे असतात: नुसतं ऑइल बदलताना, फिल्टरसह, आणि इंजिन पूर्ण उघडल्यावर. तिसरा आकडा बघून ओतलं की ऑइल जास्त होतं. मग क्रँक ते घुसळतो, फेस येतो आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल थेट एअर फिल्टरवर. म्हणून शेवटचे १०० मिली हातात ठेवा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलवर चालवा, बंद करा, तितकंच थांबा, गाडी सरळ धरा आणि मग साइट ग्लास (ऑइलची पातळी दाखवणारी इंजिनावरची काच) बघा; पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. डिपस्टिक असेल तर ती आटे फिरवून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीगाडीनुसार बदलतं. तेवढ्या फरकानेही पातळी चुकते.

वेगळं अ‍ॅडिटिव्ह टाकू नका. ७१०० मध्ये लागणारं सगळं आधीच मोजून घातलेलं असतं, आणि वरून टाकलेल्या बाटलीने क्लचची पकड जाण्याचाच धोका जास्त.

ऑइल बदलायला बसलात की चेनही बघून घ्या. दर ५०० किमीला, पावसात त्याआधी, रॉकेल आणि मऊ ब्रशने साफ करा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल किंवा तारेचा ब्रश लावू नका, रबर खराब होतं. लुब्रिकंट चेनच्या आतल्या बाजूने, स्प्रॉकेटला टेकते तिथे. शक्यतो गाडी चालवून आल्यावर, म्हणजे रात्रभरात ते आत मुरतं. ढिलाई मोजताना चाक फिरवून चेन सर्वात घट्ट कुठे होते ते शोधा आणि तिथेच मोजा. रस्त्यावरच्या गाड्यांना बहुधा २० ते ३० मिमी लागते, नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो. फार घट्ट चेन गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टचं बेअरिंग खाते, आणि तो खर्च ऑइलच्या कितीतरी पट.

जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून गॅरेजमध्ये परत द्या. गटारात किंवा मातीत एक थेंबही ओतू नका. नवा वॉशर बसवलाय त्या बोल्टवरून पहिल्या चकरेनंतर कोरडं फडकं फिरवा. ते कोरडंच राहिलं, तर बोल्टला पुन्हा पाना लावू नका.