खुडूक कोंबडी की उबवणी यंत्र?

घरात कोंबडी खुडूक बसली असेल आणि दहा-बारा गावरान अंडीच उबवायची असतील, तर यंत्रावर पैसे घालू नका. २१ दिवस ती ऊब देते, अंडी स्वतःच फिरवते आणि निघालेली पिल्लं पंखाखाली घेते. फक्त तिला रात्री हलवा, काळोख्या कोपऱ्यात काड घातलेल्या पाटीत बसवा, आणि त्याआधी उवांचा बंदोबस्त करा. उवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी सोडून उठते.

अडचण एवढीच की खुडूक होणं आपल्या हातात नसतं. कडकनाथ क्वचितच बसते. जपानी लाव्ही बसत नाही असंच धरून चाला. तिची अंडी १७-१८ दिवसांत यंत्रातच काढावी लागतात. खाकी कॅम्पबेल बदकाचंही तसंच. त्याच्या अंड्यांना २८ दिवस लागतात, म्हणून ती कोंबडीखाली ठेवायची तर आठवडाभर जास्त टिकणारी, पक्की बसणारी कोंबडी हवी. टर्कीलाही २८ दिवसच. मस्कोवी बदक मात्र स्वतः छान बसतं, सुमारे ३५ दिवस.

पन्नास पिल्लं ठरलेल्या तारखेला हवी असतील तर यंत्रच घ्या. पण मग कोंबडीचं काम तुमचं. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, अंडी दिवसातून किमान तीनदा फिरवायची. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरचा खर्चही यंत्राच्या किमतीतच धरा. सातव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहा: लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंड्यात जीव आहे, नितळ दिसलं तर काढून टाका.

कोंबडीच्या अंड्यांचं खरं नुकसान शेवटच्या तीन दिवसांत होतं. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवा, आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्या आणि झाकणाला हात लावू नका. दमट हवा निसटली की कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि ते आतच अडकतं. पहिली टोच दिसल्यावर बाहेर यायला अख्खा दिवसही लागू शकतो. कवच सोलायला जाऊ नका, फार जीव जातात त्यात.

यंत्रातल्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. त्याच सुमारास एखादी कोंबडी दोन-तीन आठवडे अंड्यांवर बसलेली असेल, तर रात्री अंधारात एका दिवसाची पिल्लं तिच्याखाली सरकवून पाहा. बहुतेकदा सकाळी ती त्यांना घेऊन दाणे टिपायला निघते. पहाटे मात्र तुम्ही जवळ असा. ती टोचायला लागली तर पिल्लं लगेच उचलता आली पाहिजेत.