फ्रोझन शोल्डर, रात्रीची झोप आणि मांडवीतल्या चाचांनी शिवलेली कोपराखालची उशी

खांदा जाम झालाय आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही असं ज्यांचं चाललंय त्यांनी हजारो रुपये घालून फोमची उशी मागवायच्या आधी एकदा बडोद्याच्या मांडवीत जाऊन मापाची उशी शिवून घ्या. माझं तरी तिच्यामुळे भलं झालंय. मांडवी दरवाज्याच्या मागच्या एका गल्लीत गादीवाले चाचा बसतात, दुकानाला पाटी वगैरे काही नाही, बाहेर गादीपाटाचे तागे आणि आत छताला टेकेल इतका कापूस, गल्लीत कोणालाही विचारा रजई भरणारे चाचा कुठे, लगेच दाखवतात.

ज्यांना हे दुखणं झालेलं नाही त्यांना वाटेल उशीवर एवढं काय लिहायचं. पण ज्यांना झालंय त्यांना माहितीये. खांद्याच्या सांध्याभोवती जे आवरण असतं ना, कॅप्सूल म्हणतात त्याला, ते सुजतं, जाड होतं आणि आखडतं, मग हात वर जाईना, मागे जाईना, ब्लाउजचा हूक लावायला दुसरं कोणीतरी लागतं, वेणी घालता येत नाही, फडताळातला वरचा डबा काढता येत नाही. तरी दिवस निघतो, माणूस कामात असतं आणि दुसऱ्या हातावर भागवतं. खरा त्रास रात्री. आडवं पडलं की ठणका सुरू, आणि तो खांद्यात नाही तर दंडाच्या बाहेरच्या बाजूला मध्यावर, म्हणून सुरुवातीला कित्येकांना वाटतं की दंडच दुखतोय. बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जनने 1934 साली या दुखण्याला फ्रोझन शोल्डर हे नाव दिलं आणि त्याची जी लक्षणं लिहिली त्यातच दुखऱ्या कुशीवर झोपता न येणं हे एक आहे. म्हणजे झोप उडणं हा त्या दुखण्याचाच भाग आहे, आपण नाजूक झालोय असं मुळीच नाही. घरच्यांनीही हे समजून घ्यायला पाहिजे, विशेषतः पुरुषमंडळींनी, कारण हे होतं ते जास्त करून बायकांना, 40 ते 60 च्या मधे, आणि डायबेटिस किंवा थायरॉइड असेल तर शक्यता बरीच वाढते. मला डायबेटिस आहे, खांदा डावा, आणि लहानपणापासून सवय डाव्या कुशीवर झोपायची.

आता झोपताना नेमकं होतं काय ते सांगते, कारण हे कळल्याशिवाय कुठली उशी घ्यायची ते कळणार नाही. आपण उताणं झोपलो की पाठ गादीवर टेकते पण कोपर पाठीच्याही खाली जातं, म्हणजे छातीच्या रेषेच्या मागे पडतं, आणि आखडलेल्या कॅप्सूलची पुढची बाजू रात्रभर ताणली जाते. झोप लागली की स्नायू सैल पडतात, हात अजून खाली जातो आणि कळ येऊन जाग येते. चांगल्या कुशीवर वळलो तर दुखरा हात छातीवरून पुढे घसरतो आणि ताण मागच्या बाजूला येतो. दुखऱ्या कुशीवर तर प्रश्नच नाही. म्हणजे खांद्याखाली मऊ मऊ काहीतरी घालून उपयोग नसतो, हात मधल्या मधे धरून ठेवणारं काहीतरी लागतं. आमच्या फिजिओ बेनने हे फार छान समजावलं, टॉवेलच्या घड्या एकावर एक ठेवून कोपर उचललं आणि विचारत गेल्या, आता कमी वाटतंय का, आता, आता. एका उंचीवर आल्यावर खांदा एकदम सैल सुटला. खांद्याला इतकं सुख फार दिवसांनी मिळालं होतं.

पण टॉवेल रात्रभर टिकत नाही हो. मध्यरात्रीपर्यंत घडी उलगडते, एक इकडे एक तिकडे, मग अंधारात उठून परत रचा.

मधे एक फोमची वेज उशीही, म्हणजे एका बाजूला उतरती, मागवून झाली, ऑनलाइन, कंपनीचं नाव लिहीत नाही. दिसायला सुरेख. पण फोम कोपराच्या टोकाखाली हळूहळू दबत जातो, झोपताना बरोबर वाटतं आणि पहाटे कोपर गादीला टेकलेलं असतं. शिवाय बडोद्याचा मे महिना, बाहेर 42-43 डिग्री, त्यात फोमवर दंड ठेवून झोपायचं म्हणजे घामाने खोळ चिंब. माप एकच, बारीक माणसालाही तेच आणि जाड माणसालाही तेच, वास्तविक कोपराला किती आधार पाहिजे हे आपली छाती-पाठ किती जाड आहे त्यावर असतं. परत करायला गेलो तर वापरलेली उशी घेत नाही म्हणाले.

चाचांचं नाव सुचवलं आमच्या दांडिया बाजारातल्या शेजारच्या काकूंनी. त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून लोड-तक्के, पाळण्यातल्या गाद्या, सगळं चाचांच्या घरचंच. मी जाताना टॉवेलच्या घड्या त्याच उंचीवर सुतळीने बांधून घेऊन गेले. चाचांनी तो गठ्ठा हातात घेतला, खाली ठेवला आणि वरून तळहाताने दाबून बघितला, एकदा हलकेच, एकदा जोर देऊन. मग विचारलं, ‘बेन, हाथ क्यां मूकवानो छे?’ मी हात कुठे ठेवायचा ते बसल्या बसल्या दाखवलं, दंड असा, कोपर इथे, मनगट पोटावर. त्यांनी स्वतःच्या बायकोला आतून बोलावलं, तिने माझ्या काखेपासून कोपरापर्यंत आणि कोपरापासून मनगटापर्यंत टेपने माप घेतलं. मग म्हणाले, एकसारखी जाडी नको, कोपराखाली जाड आणि काखेकडे पातळ करू, नाहीतर काखेत रुतेल. हे त्यांनी आपणहून सांगितलं, मी बोललेच नव्हते. इतक्या वर्षांच्या हाताला बरोबर कळतं.

कापसाचं पण त्यांनी समजावलं. शेवरीचा कापूस हलका आणि मऊ, डोक्याखालच्या उशीला उत्तम, पण कोपराचं टोक त्यात बुडतं. देशी कापूस जड असतो आणि एकदा बसला की तसाच राहतो, म्हणून या कामाला तोच. फक्त तो बसतो म्हणजे उंची कमी होते, म्हणून चाचांनी तुमच्या टॉवेलपेक्षा दोन बोटं जास्त भरतो म्हणून सांगितलं, आठवड्याभरात मापावर येईल. भरताना मी तिथेच थांबले होते. कापूस मशीनवर पिंजलेला होता, पण भरणं हातानेच. आधी चारही कोपऱ्यांत काठीने कापूस ठासायचा, मग मधे थर थर देत जायचं, प्रत्येक थर मुठीने दाबून बघायचा कुठे गाठ राहिली का. गाठ लागली की परत काढून बोटांनी सुटी करायची. तोंड दाभणाने शिवलं आणि शेवटी मधे आरपार टाके मारले, कापूस सरकू नये म्हणून. कोपर जिथे येणार तिथे मात्र टाका घातला नाही. तिथे टाका आला तर खळगा पडतो आणि गाठ टोचते, म्हणाले.

पहिले तीन-चार दिवस उशी खरंच उंच वाटली, खांदा कानाकडे ढकलला जातोय असं, आणि नंतर चाचा म्हणाले तशीच बरोबर बसली. उताणं झोपायचं, उशी दंडापासून कोपरापर्यंत, मनगट पोटावर सोडायचं. डोक्याखाली फार उंच उशी नको, त्याने मान पुढे येते आणि खांदाही ओढला जातो. जाग येत नाही असं नाही, पण आधी कळ येऊन जाग यायची आणि मग तास तास बसून राहावं लागायचं, आता जाग आली तरी कूस न बदलता परत झोप लागते. सलग चार तास झोप म्हणजे काय असतं ते ज्यांची गेली त्यांनाच कळेल. सकाळी डोकं जाग्यावर असतं, व्यायाम करायची इच्छा होते.

नंतर एक लोड पण करून घेतला, चांगल्या कुशीवर वळल्यावर मिठीत घ्यायला. तो छातीइतका जाड पाहिजे, म्हणजे दुखरा हात त्याच्यावर आडवा राहतो, खाली लोंबत नाही. दिवाणखान्यातल्या बैठकीचा लोड वापरून बघू नका, तो फार जाड आणि टणक असतो, हात वर उचलला जातो आणि त्यानेही दुखतं. ज्यांना झोपेत दुखऱ्या कुशीवर लोळायची सवय आहे त्यांनी त्या बाजूला पाठीशी एक साधी उशी ठेवा, तेवढ्यानेही वळणं अडतं.

नावं ठेवण्यासारखं आहे ते पण लिहिते. चाचा दिलेला वार पाळत नाहीत. मंगळवार म्हटलं की शुक्रवार धरा, आणि लग्नसराईत तर विचारूच नका, रजयांच्या ऑर्डरी चालू असतात. गादीपाटाचा लाल पट्टा पहिल्यांदा घामाने रंग सोडतो, माझा पांढरा अभ्रा गुलाबी झाला, तेव्हा आधी एक जुनी खोळ घालून वापरा. उशी धुता येत नाही, उन्हात टाकायची. आणि वर्षभराने कापूस पार बसला की परत पिंजून भरावा लागतो, तो खर्च धरून चाला. घरपोच वगैरे काही नाही, फोनवर माप घेत नाहीत, स्वतः जावं लागतं, आणि त्या गल्लीत रिक्षा शिरत नाही.

उशीने खांदा बरा होत नाही हेही सांगायला पाहिजे, नाहीतर कोणी फिजिओ सोडून उशीवर भरवसा ठेवेल. या दुखण्याचे टप्पे असतात, आधी दुखणं जास्त, मग दुखणं कमी होतं पण हात आखडलेला, मग हळूहळू सुटत जातो, आणि सगळं मिळून वर्षापासून तीन वर्षंही लागू शकतात. उशीचा खरा उपयोग त्या पहिल्या टप्प्यात. बाकी कामं करायचीच, वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा व्यायाम, तोही त्या कॉडमनच्याच नावाने ओळखतात, झोपायच्या आधी 15 मिनिटं गरम शेक, आणि डायबेटिसवाल्यांनी शेक देताना पिशवीवर टॉवेल गुंडाळूनच, कारण कधी कधी चटका कळत नाही. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात त्यानेही पहिल्या टप्प्यात दुखणं उतरतं, पण साखर काही दिवस वाढते, तेव्हा घ्यायच्या आधी साखरेच्या डॉक्टरांना सांगा. एक्स-रे बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, त्यामुळे काही झालेलं नाही असं कोणी म्हटलं तर गप्प बसू नका, हात किती फिरतो ते तपासायला लावा. सयाजी हॉस्पिटलमधे फिजिओथेरपी आहे, खाजगी परवडत नसेल त्यांनी तिथे जावं.

आणि उत्तरायण. बडोद्यात राहून 14 जानेवारीला गच्चीवर न जाणं शक्य नाही ते मला मान्य आहे, पण जाम खांद्याने पतंगाला झटके मारू नका, फिरकी धरायलाही दुसऱ्या कोणाला द्या. आमच्या गच्चीवर पुतण्यांनी मला उंधियू वाढायच्या कामावर बसवलं, आणि त्या रात्री मी इतर रात्रींसारखीच झोपले.

कोपराची उशी 250 ला पडली, लोड 600 ला, कापूस त्यांचाच. घरचा जुना कापूस नेलात तर फक्त पिंजाई आणि शिलाई घेतात, पण जुन्या कापसात धूळ आणि गाठी असतात, या उशीसाठी नवाच घ्या. दुपारी जेवायला दुकान बंद असतं, चारनंतर जा. मापाला स्वतः जा, दुसऱ्या कोणाला पाठवू नका, आणि अंगात सैल बाहीचं काहीतरी घाला म्हणजे चाचींना टेप लावायला त्रास होत नाही.