मायक्रोवेव्हमधलं चॉकलेट फज : काही महिने करून झाल्यावर

लोणावळ्याहून आणतो ते फज डोळ्यासमोर ठेवून करायला घेणार असाल तर आधीच सांगतो, तसं होत नाही. पारंपरिक फज म्हणजे साखरेच्या पाकाचं काम. पाक साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसपर्यंत चढवायचा, निवू द्यायचा आणि मग हात दुखेपर्यंत घोटायचा. घोटताना साखरेचे अगदी बारीक कण धरतात, म्हणून ते तोंडात जरासं रवाळ लागून विरघळतं. मायक्रोवेव्हच्या फजमध्ये पाक नाहीच, डब्यातल्या कंडेन्स्ड मिल्कमध्ये चॉकलेट वितळवायचं, बस. गार झाल्यावर चॉकलेटमधलं कोको बटर घट्ट होतं आणि त्यावरच वड्या उभ्या राहतात. त्यामुळे ते मऊ, थोडं चिवट, टाळूला चिकटणारं होतं. मला आवडतं. आईचं मत वेगळं: "ह्यात तू केलंस काय? डबा फोडलास!"

प्रमाणावर सगळं अवलंबून आहे. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्कला ३५० ग्रॅम डार्क चॉकलेट, मोठा चमचाभर लोणी, चिमूटभर मीठ. बऱ्याच ठिकाणी २०० ग्रॅम चॉकलेट सांगतात. त्याच्या वड्या पडत नाहीत, आइस्क्रीमवर ओतायला मात्र झकास. मिल्क चॉकलेट घेतलं तर गोडाने घसा धरतो. मीठ वगळू नका.

आता मायक्रोवेव्ह. साधा मोड, पॉवर मध्यम, काचेचा बाऊल, आणि ३०-३० सेकंदांनी बाहेर काढून ढवळणं. यात फसगत अशी की चॉकलेटचे तुकडे आतून वितळले तरी वरून आकार तसाच धरून बसतात. चमचा लावला की एकदम कोसळतात. म्हणून थोडे तुकडे दिसत असतानाच थांबायचं. उरलेले बाऊलच्या उष्णतेवर ढवळता ढवळता विरघळतात. सगळं गुळगुळीत दिसेपर्यंत आत ठेवलं तर तूप सुटल्यासारखी कडेने चकाकी येते. तशी आली तर चमचा-दोन चमचे गरम दूध घालून जोरात ढवळा, बहुतेक वेळा मिळून येतं. व्हॅनिला आणि भाजलेले अक्रोड शेवटी.

आता कंपाऊंड चॉकलेटबद्दल. ते स्वस्त पडतं आणि उकाड्यात वड्या आकार सोडत नाहीत, कारण त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं. पण खाल्ल्यावर तोंडात मेणाचा थर राहतो. मी हल्ली निम्मं-निम्मं घेतो. निव्वळ खऱ्या चॉकलेटचं फज मुंबईच्या मे महिन्यात फ्रीजबाहेर काढलं की पाहुण्यांच्या बोटांनाच जास्त लागतं.

ट्रेमध्ये बटर पेपर घालताना कडा बाहेर ठेवा, अख्खी लादी उचलून काढता येते. फ्रीजमध्ये तीन तास पुरतात. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, मग कापायची. न पुसता कापलं तर वड्यांवर पाण्याचे ओघळ राहतात.

कोको पावडर, दूध पावडर घालून स्वस्तातली आवृत्तीही करून पाहिली. मुलांनी फस्त केली, पण ती चॉकलेटची बर्फीच झाली. शिवाय मिश्रण उतू जातं, तेव्हा बाऊल दुप्पट मोठा घ्या.

घरात दोघंच असाल तर निम्म्या मापाने करा. उरलेलं कंडेन्स्ड मिल्क काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवा, पत्र्याच्या डब्यात तसंच नको.