पूर्ण रिमोट की हायब्रिड? मॅनेजरच्या बाजूने

पूर्ण रिमोटचं, म्हणजे सगळ्यांनीच ऑफिसबाहेरून काम करण्याचं, ठळक उदाहरण गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी. कंपनीला स्वतःचं ऑफिसच नाही, तरी 2021 मध्ये ती नॅस्डॅकवर लिस्ट झाली. कारभार चालतो तो लेखी हँडबुकवर, आणि ते कुणालाही वेबवर वाचता येतं. मीटिंगच्या आधी अजेंड्याचं डॉक्युमेंट तयार हवं, चर्चा चालू असतानाच त्यात नोंदी व्हायला हव्यात. ज्याच्याकडे तेव्हा मध्यरात्र असते तो सकाळी उठून वाचतो. इथे मॅनेजरचं निम्मं काम म्हणजे नीट लिहिणं. कोण किती वाजता आलं हे बघायची सोय नाही, म्हणून काम काय झालं तेवढंच विचारायचं.

हायब्रिड, म्हणजे काही दिवस ऑफिस आणि काही दिवस घरून, नवख्यांना सोयीचं. शेजारच्या सीनियरला पटकन विचारता येतं. गोम आहे ती मीटिंगमध्ये: चौघे टेबलाभोवती, दोघे स्क्रीनवर. कॉल संपला की चौघे टपरीवर चहा घेताना निर्णय फिरवतात आणि उरलेल्या दोघांना तो सोमवारी कळतो. (अप्रेझलमध्येही समोर दिसणाराच आधी आठवतो, हे कुणी कबूल करत नाही.)

टीसीएसने 2020 मध्ये जाहीर केलं होतं, 2025 पर्यंत एका वेळी 25 टक्केच लोक ऑफिसात लागतील. 2023 मध्ये पाचही दिवस बोलावणं आलं.

माझा कौल? टीम मुरलेली असेल तर पूर्ण रिमोट. फ्रेशर जास्त असतील तर हायब्रिड, पण अख्ख्या टीमचे ऑफिसचे दिवस एकच ठेवा. नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून जायचं आणि तिथे हेडफोन लावून झूमवरच बसायचं.